खाली कोण राहतं

नागुबाईनं हातातली काठी उलटी धरली, टाचा उचलल्या आणि काठीचं टोक छताला लागतं का ते बघितलं. चांगलं हातभर कमी पडलं. मग तिनं काठी रविकिरणच्या हातात दिली आणि दोनदा ठोकून दाखव म्हणाली. रविकिरण म्हणजे बिल्डरचा माणूस, पंचविशीतला, कडक इस्त्रीच्या शर्टातला. घर बघायला येणारी माणसं नळ सोडून बघतात, भिंतीवर नख ओढून बघतात, एकानं तर संडासात बसून बघितलं होतं. पण छत ठोकायला लावणारी बाई त्याला आजच भेटली. त्यानं टाचा उंचावून ठोकलं. बद्द आवाज आला.

"किती जाड हाय?" नागुबाईनं विचारलं.

"पाच इंच स्लॅब आहे मावशी. आत सगळी सळई."

"आन् त्याच्यावर?"

"त्याच्यावर दुसरा मजला."

"त्याच्यावर?"

"माय," आनंदराज मध्ये पडला, "पाच मजल्याची बिल्डिंग हाय. भूकंपाचा विचार करूनच बांधलीय. मी नकाशा बघितलाय सगळा."

आनंदराज तिचा एकुलता एक लेक, लातूरच्या आयटीआयमध्ये निदेशक. त्यानं नकाशा बघितला असणार याबद्दल नागुबाईला शंका नव्हती. नकाशाच काय, त्यानं खड्डा खणत होते तेव्हापासून इथं चकरा मारल्या होत्या. आता बिल्डिंग उभी राहिली, निम्मी माणसं राहायलाही आली आणि दोनच घरं उरली. एक हे पहिल्या मजल्यावरचं, एक पाचव्या मजल्यावरचं. दोन्हींच्या खोल्या सारख्या. आज रविवार. संध्याकाळपर्यंत यातल्या एकावर नाव लिहायचं, असं ठरवूनच तो मायला किल्लारीहून घेऊन आला होता.

ठरवून म्हणजे काय, त्याचं ठरलेलंच होतं. पहिला मजला. रविकिरणनं पाचव्याचं नाव काढलं की आनंदराज आवाज खाली आणून म्हणायचा, "आमची माय किल्लारीची हाय." एवढं वाक्य त्यानं लातुरात किती जणांना ऐकवलं असेल देव जाणे. ते ऐकलं की समोरचा माणूस गप्प व्हायचा, मान हलवायचा. मग आनंदराज पुढचं सांगायचा. "आम्ही अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो. मायनं मला काखेत मारलं आणि पळाली. वडील आणि बहीण आत होते." दरवर्षी तीस सप्टेंबरला गावात स्मृतिस्तंभापाशी लोक जमायचे, तिथंही एकदा त्यानं माइकवर हेच सांगितलं होतं. नागुबाई तेव्हा पहिल्या रांगेत बसलेली, जमिनीकडं बघत. बायकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कुणी हात फिरवला की तिचा जीव नुसता चरफडायचा.

आत्ताही रविकिरणनं तशीच मान हलवली. नागुबाईला रागच आला. रेशन कार्ड दाखवावं तसं लेक तिला जिथं तिथं काढून दाखवत होता.

"मला जरा वरचं बघू दे," ती म्हणाली.

आनंदराजनं वळून बघितलं. "वर? तुला वर कशाला?"

"डोळ्यानं बघायला काय लागतंय? चल की."

खिडकीपाशी उभी असलेली लुंबिनी एवढा वेळ एक शब्द बोलली नव्हती. ती फक्त एकदा सासूकडं बघून परत खिडकीकडं वळली. खिडकीबाहेर शेजारच्या बिल्डिंगची भिंत होती, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. भर दुपारचे बारा वाजलेले आणि खोलीत दिवा लावावा असा उजेड.

लुंबिनीचं घराणं निलंग्याकडचं. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यातली अकरा तिनं औसा रोडच्या पलीकडं एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत काढली होती. तिथं ऊन म्हणून येत नसे. कपडे तीन-तीन दिवस वाळायचे नाहीत, पांढरा युनिफॉर्म ती पंख्याखाली धरून वाळवायची, आणि रात्रपाळी करून आली की दिवसा झोपायची ती दिव्याच्याच उजेडात. चौदा वर्षांत या पोरीनं सासूकडं काही मागितलं नव्हतं. आठ दिवसांमागं किल्लारीला आली तेव्हा मात्र तव्यावरची भाकरी उलटता उलटता, वर न बघता म्हणाली होती, "आत्याबाई, तुमच्यासाठी म्हणून ते खालचा घ्यायलेत. वर ऊन हाय, वारं हाय. लिफ्ट हाय. तुम्ही एकदा म्हणलात की मला वर जमतंय, तर ऐकतील ते."

"म्हणते की," नागुबाई म्हणाली होती. "माझ्यापायी कामून तू अंधारात राहायचं?"

सुनेच्या तोंडावर तेव्हा जे हसू आलं ते बघून नागुबाईलाच वाईट वाटलं, इतकं ते छोटं होतं.

आणि खरं सांगायचं तर नागुबाईलाही वरचाच मजला हवा होता. हे कुणाला ठाऊक नव्हतं. किल्लारीचं माणूस म्हटलं की ते जमिनीला धरून राहणार, चार पायऱ्या चढायलाही भिणार, असं लोक आपल्या मनानं ठरवून टाकतात. नागुबाईला उंचीचं भय कधीच नव्हतं. तिला भय होतं ते डोक्यावर काय आहे याचं.

तिचा नवरा पंढरी गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. दगड घडवायला शिकला होता. तेव्हा त्यांच्या वस्तीत सगळ्यांची घरं कुडाची, वर गवत नाहीतर पत्रा. पंढरीनं हौसेनं दगडाचं घर बांधलं आणि त्यावर गावातल्या थोरल्या लोकांसारखं माळवद घातलं. खाली सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर माती. आता माळवदाचं एक असतं. दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, त्यावर नवी पांढरी माती चढवावी लागते, नाहीतर गळतं. जुनी माती कुणी काढत नाही. जुनी राहते आणि तिच्यावर नवी बसते. ती माती ओढ्याकाठनं खणून आणायची ती नागुबाई. टोपली डोक्यावर, शिडीनं वर, पसरायची, चोपायची, परत खाली. नऊ उन्हाळे तिनं ती माती वाहिली. थर दोन हात जाड झाला. आल्यागेल्याला पंढरी मोठ्या कौतुकानं सांगायचा, बघा, वैशाखातही घर कसं गार आहे.

भूकंपानंतर त्यांच्या वस्तीतली कुडातली माणसं अंग झाडून उभी राहिली. पत्रा पडला, गवत पडलं, खोक पडली, पण बहुतेक जण वाचले. दगडाच्या घरातली दबली. वस्तीतलं दगडाचं घर एकच होतं. पुढं सरकारी माणसं आली, मोठमोठी साहेब मंडळी आली, मातीच्या छपराचं वजन किती असतं ते कागदावर लिहून घेऊन गेली. नागुबाईला कुणी विचारलं नाही. ते वजन तिच्या मानेला माहीत होतं.

म्हणून तिला वरचा मजला. वर काही नाही, नुसतं आभाळ.

लिफ्टनं चौघं पाचव्या मजल्यावर गेली. रविकिरणनं दार उघडलं आणि आतून एवढा उजेड बाहेर आला की नागुबाईनं डोळ्यांवर हात धरला. पूर्वेकडच्या गॅलरीतून निम्मं लातूर दिसत होतं. पाण्याच्या टाक्या, पत्र्याची गोदामं, क्लासेसच्या पाट्या, आणि पार तिकडं उसाचं हिरवं. वारं असं की पदर धरावा लागला.

"टाकी कुठंय?" तिनं पहिलं विचारलं.

"जिन्याच्या डोक्यावर मावशी, त्या तिकडं. या घरावर काहीच नाही. गच्ची."

नागुबाई गॅलरीत गेली, आत आली, स्वयंपाकघरात गेली, परत आली. लुंबिनी तिच्या मागं मागं. आता लुंबिनीला बोलणं फुटलं. या भिंतीला बुद्धाची मूर्ती, इथं संघमित्राचं टेबल, इथं तुमची खाट आत्याबाई, सकाळी ऊन थेट पायावर येईल, गुडघ्याला बरं. संघमित्रा म्हणजे तिची लेक, सातवीत होती. ती जन्मली तेव्हा आनंदराजला तिचं नाव महामाया ठेवायचं होतं. नागुबाईनं न्हाई म्हणून सांगितलं होतं. का ते सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही. आपल्या लेकीचं नाव तिनं बत्तीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं.

"तुला आवडलं का?" तिनं सुनेला विचारलं.

"लई," लुंबिनी म्हणाली. शिकलीसवरलेली बाई, दवाखान्यात डॉक्टरांशी शुद्ध बोलणारी, पण खूश झाली की निलंग्याचीच होऊन जायची.

दारात आनंदराज उभा होता. तो आत आलाच नव्हता. चौकटीला हात लावून, बूट न काढता.

"आनंदा," नागुबाई म्हणाली, "मला जमतंय बघ वर. भ्या न्हाई वाटत."

"बघू," तो म्हणाला.

लुंबिनीनं सासूचा दंड धरला आणि लगेच सोडला. नागुबाईचे गुडघे आता बोलायला लागले होते. ती भिंतीला टेकून खाली बसली, पाय लांब केले, दोन्ही तळवे फरशीवर ठेवले. फरशी गार होती. तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. इथं आपण मरू, सावकाश, उजेडात, असंही मनात येऊन गेलं.

तेवढ्यात तळव्यांना काहीतरी लागलं.

धड धड धड. थांबलं. परत धड धड धड. फरशीखालून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग एका पोरीचं हसणं, खिडकीतून वर आलेलं.

"काय हाय ते?" नागुबाईनं विचारलं.

"काही नाही मावशी, चारशे एकवाल्यांची मुलगी. पळत असेल. रविवार ना. दुपारी झोपते, मग शांत असतं."

"या खालीच का?"

"बरोबर आपल्या खाली."

नागुबाईनं फरशीवरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले. बसल्या जागी तिनं पायही जवळ ओढून घेतले, कुणाच्या अंगावर पडलेले असावेत तसे.

त्या रात्री ती अंगणात नव्हती. माळवदावर होती.

विसर्जनाची रात्र. गावात गणपती निघालेले, हलगी वाजत होती, आणि माळवदावरून सगळं ऐकू यायचं म्हणून ती दोन्ही लेकरांना घेऊन वर झोपायला गेली. पंढरी दिवसभर दगड फोडून दमलेला, तो घरात आडवा झाला. वर एकच गोधडी होती. महामाया दहा वर्षांची, आनंदा सात वर्षांचा. हलगी थांबली, गार वारं सुटलं आणि गोधडीवरून दोघांची ओढाओढ सुरू झाली. माय, ह्यो ओढूलालाय बघ. माय, बघ की. नागुबाईला झोप अनावर झालेली. दोनदा तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा ती उठून बसली आणि म्हणाली, "तू थोरली हायस ना? जा खाली. बापापाशी जाऊन झोप." पोरगी शिडीपाशी गेली. उतरताना म्हणाली, "तुला त्योच आवडतो." आणि उतरली.

पहाटे माळवद खाली गेलं. नागुबाई आणि आनंदा माळवदासकट खाली आले. दोघं वर. दोन हात माती, फळ्या, तुळया, दगड, आणि त्याच्याखाली ती दोघं. नागुबाईला कोपराला खरचटलं होतं, एवढंच. लेकरू गोधडीत तसंच गुंडाळलेलं. तिनं त्याला कडेला ठेवलं आणि हातानं उकरायला लागली. नऊ उन्हाळे जी माती वर नेली होती ती आता हातानं बाजूला करत होती. उजाडल्यावर माणसं आली तोवर तिची नखं गेली होती.

पत्र्याच्या शेडमध्ये, दीडेक महिन्यानं, आनंदानं एकदा विचारलं होतं, माय, आपण कुठं झोपलो होतो? अंगणात, ती म्हणाली. अंगणात होतो आपण. लेकरानं तिच्याकडं थोडा वेळ बघितलं आणि बरं म्हणालं. परत कधी विचारलं नाही. झोपेत होतं, त्याला काय ठाऊक, असं म्हणून तिनं दिवस रेटले. लोक म्हणायचे, घर पडलं त्यांच्यावर. तिला वाटायचं, घर नाही, आपण पडलो. आपल्या वजनासकट.

खाली पोरगी परत पळाली.

नागुबाईनं काठी टेकली आणि उठली. उठायला वेळ लागला. आनंदराज पुढं होईतोवर ती भिंतीच्या आधारानं उभी राहिलीही होती.

"पहिलाच घे," ती म्हणाली.

लुंबिनी स्वयंपाकघराच्या दारात होती. तिच्या हातात मोबाईल होता, भिंतीची मापं ती त्यात लिहून घेत होती. तिनं तो बंद केला आणि पर्समध्ये टाकला. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती गॅलरीत जाऊन उभी राहिली, पाठ करून, आणि तिचे खांदे बघून नागुबाईला कळलं की आपण दिलेला शब्द मोडला आणि का मोडला ते सांगायलाही आपल्याकडं तोंड नाही. "आत्ताच तर म्हणाला होतात," एवढं तरी पोरीनं म्हणावं. पण ती तसली नव्हती.

लिफ्टमध्ये रविकिरण बिचारा आकड्यांकडं बघत राहिला. चार, तीन, दोन.

पहिल्या मजल्यावर परत तोच अंधार, तीच भिंत. लुंबिनी आत आली नाही, मी इथंच थांबते म्हणून जिन्यापाशी राहिली. नागुबाई खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि वर बघितलं. पाच इंच. त्यावर माणसं, त्यावर माणसं, त्यावर माणसं, त्यावर ते उजेडाचं घर, जे आता दुसरं कुणीतरी घेईल. रोज रात्री हे सगळं डोक्यावर घेऊन झोपायचं. तिच्या मानेला कळ आली. चालेल, ती मनाशी म्हणाली. हे चालेल. फक्त एक खात्री करून घ्यायला हवी होती.

"खाली कोण राहतं रे बाबा?"

"खाली कुणी नाही मावशी. पार्किंग. गाड्या." रविकिरण फॉर्म काढता काढता म्हणाला, आणि मग त्याला काहीतरी आठवून हसू आलं. "तुम्ही दोघं मायलेकरं सारखीच बघा. सरांनी पण पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं. दोन्ही घरांचं. लोक विचारतात वर कोण राहतं, पोरं नाचतात का, पाणी गळतं का. खाली कोण राहतं हे विचारणारे तुम्ही दोघंच."

आनंदराज नकाशाची घडी घालत होता. घडी नीट बसली नव्हती, तरी तो तीच परत परत दाबत राहिला.

नागुबाईनं त्याच्याकडं बघितलं. चाळिशीला आलेला माणूस, कानशिलावर पांढरं झालेलं. पाचव्या मजल्यावर हा आत आला नव्हता. दारातच उभा होता, बूट घालून.

"रविकिरण," आनंदराज म्हणाला, "चहाचं बघता का जरा?"

रविकिरण गेला. नागुबाई काठी टेकत गॅलरीत गेली आणि समोरच्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. लेक मागून येऊन शेजारी उभा राहिला. दोघांना मिळून तिथं जागा पुरत नव्हती.

"तू कामून विचारलास?" तिनं विचारलं.

तो कठड्यावरचा रंग नखानं खरवडायला लागला. रंग ओला नव्हता, तरी निघत होता.

"मी झोपलो नव्हतो माय," तो म्हणाला. "आपण वर होतो. मला ठाऊक हाय."

"मग अंगणात होतो म्हणून कशाला सांगत फिरलास? माइकवरबी?"

"तू सांगितलीस म्हणून."

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर सुरू केली. ती बाहेर पडून आवाज पार रस्त्याला मिळाला, तोवर आनंदराज थांबला.

"गोधडी मीच ओढत होतो," तो म्हणाला. "तिनं नुसतं सांगितलं. ओढत मी होतो. तिला थंडी वाजत होती ते मला दिसत होतं."

नागुबाईला वाटलं, हे ऐकायच्या आधी आपण मरायला हवं होतं. म्हणजे तेव्हापासून. शेडमध्ये, शाळेत, बोर्डिंगात, नोकरीत, लग्नात, तिथं स्तंभापाशी माइक हातात घेऊन. ती समजत होती की ते ओझं आपलं एकटीचं आहे, लेकराला त्याचा वाराही लागू दिला नाही. आणि लेकरू आपल्या वाट्याचं वेगळंच घेऊन चालत होतं, आईला कळू नये म्हणून तिचंच खोटं तिला परत ऐकवत होतं.

"सात वर्षांचा होतास तू," ती म्हणाली. "लेकरं ओढतच असत्यात गोधडी. लेकरू होतास रे."

"आन् तू?"

"मी काय? मी माय होते."

"सत्तावीसची होतीस. आमच्याकडं परवा एक मास्तर जॉईन झालाय, सत्तावीस वर्षांचा. मी त्याला पोरगं म्हणतो माय."

नागुबाईनं कठडा धरला. मग ती रडली. फार मोठ्यानं नाही, पण लपवूनही नाही. समोरच्या भिंतीतल्या खिडकीत कुणी होतं की नव्हतं, तिनं बघितलं नाही. आनंदराजनं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिला ते आवडत नाही हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं नुसती तिची काठी पडू नये म्हणून धरून ठेवली.

पाठीमागं पावलं वाजली. रविकिरण चहाचे कप घेऊन आला होता आणि त्याच्या मागं, उंबऱ्यापाशी, लुंबिनी. तिनं सासूचे डोळे बघितले, नवऱ्याचे बघितले, आणि तिच्या तोंडावरचा रुसवा जागच्या जागी गोंधळून गेला.

"मग सर," रविकिरणनं कप खिडकीत ठेवले आणि फॉर्मवर पेन टेकवलं, "पहिला लिहू का पाचवा?"

आनंदराजनं मायकडं बघितलं.

नागुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "अजून काई लिहू नको बाबा," ती म्हणाली. "अर्ध्या घंट्यानं ये. ह्या पोरीला विचारून लिहू. ती म्हणंल तो. पण आधी तिला ऐकू दे."

रविकिरणला काही कळलं नाही. पण तो गेला, आणि जाताना दार ओढून घेतलं.

नागुबाई रिकाम्या खोलीत भिंतीशी जाऊन खाली बसली. गुडघे लांब केले, शेजारची फरशी हातानं झाडली. लुंबिनी अजून उंबऱ्यापाशीच उभी होती.

"ये. बस इथं," नागुबाई म्हणाली. "महामाया दहा वर्षांची होती."